वल्ह्यावर सिंधुदुर्ग: मालवणच्या समुद्रातला एक दिवस

मालवणच्या किनाऱ्यावरून कयाकमधून लोकांना सिंधुदुर्गावर नेणं आणि सुखरूप परत आणणं, हे माझं काम. सप्टेंबरात हंगाम उघडतो आणि मेअखेर बंद होतो. पावसाळ्याचे महिने समुद्र कोणाचाच नसतो. किल्ल्यावर जायला प्रवासी होड्या आहेत आणि बहुतेक लोक त्यांनीच जातात. पण सिंधुदुर्ग जिथे उभा आहे तिथेच का उभा आहे, हे समजून घ्यायचं तर पाण्याच्या पातळीवर बसून, स्वतःच्या हाताने वल्हं मारत त्याच्याकडे गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दिवस कसा आखावा लागतो, ते पौष वद्य तृतीयेच्या या नोंदींतून सांगतो.

पहाटे 4.30

दिवस घड्याळावर नाही, तिथीवर सुरू होतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आज तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती होऊन गेली, दुपारी सव्वादोनला पुन्हा होईल. मधली ओहोटी साडेआठच्या आगेमागे. मग मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता उघडून तेच ताडून पाहतो. काही मिनिटांचा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही.

पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेत, त्यामुळे उधाणाचा जोर अजून आहे. पाणी चांगलं मागे हटणार आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडणार. नवख्या गटासाठी मी शक्यतो असाच दिवस निवडतो: सकाळी तळाशी गेलेलं पाणी आणि दुपारपर्यंत चढती भरती. चढत्या पाण्यात कयाक खडकावर बसली तर थोड्या वेळात पाणीच ती उचलून देतं. उतरत्या पाण्यात बसली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच राहायची तयारी ठेवावी लागते.

पहाटे 5.15

शेडमध्ये दिवा लावून सामान काढायला घेतो. पाहुण्यांसाठी दोघांनी बसायच्या, वरून उघड्या कयाक. त्या उलटल्या तरी माणूस आत अडकत नाही आणि पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. माझी आणि दोन्ही सहकाऱ्यांची कयाक लांब, निमुळती आणि बंद. तिला वेग आहे आणि गरज पडली तर दुसरी कयाक ओढत आणता येते.

प्रत्येक लाइफ जॅकेटचे पट्टे, बकल आणि शिट्टी हाताने तपासतो. ओढायचा दोर सुटसुटीत गुंडाळलेला आहे ना, हे पाहतो. जादा वल्ही दोन. प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, व्हीएचएफ रेडिओ आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत. माणशी दोन लिटर पाणी. जानेवारीत मालवणला थंडी बेताची असते, खरा त्रास उन्हाचा. समुद्रावर ऊन वरून लागतं आणि पाण्यावरून उलटून पुन्हा तोंडावर येतं. पाणी प्यायला विसरलेला माणूस आधी गप्प होतो, मग त्याच्या वल्ह्याची लय जाते. गटात कोण गप्प झालंय, याच्याकडे दिवसभर माझं लक्ष असतं.

सकाळी 6.00

चिवला किनारा. पश्चिमेला चंद्र अजून बऱ्यापैकी वर आहे. पुळणीवर एक वयस्कर मच्छीमार मामा जाळं आवरत बसलेत. त्यांना विचारल्याशिवाय मी गट पाण्यात घालत नाही. हवामानाचा अंदाज रात्रीच पाहिलेला असतो, पण तो सबंध किनारपट्टीचा. मामांचा अंदाज या खाडीपुरता, या खडपांपुरता.

"मामा, आज कसा काय?"

ते मान वर करून उत्तरेकडे पाहतात. "बारापर्यंत काय्येक नाय. मगे वायव्येसून येतलो. लोकांका घेवन बेगीन भायर पड."

एवढं मला पुरतं. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवस वर आला की जमीन तापते आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येतो, तो बहुधा वायव्येचा. माझी वाट या दोन वाऱ्यांवरच बेतलेली आहे. सकाळी उत्तरेच्या चिवल्याहून निघायचं, राजकोटाचं टोक वळून दक्षिणेला उतरायचं, पद्मगड आणि सिंधुदुर्ग करून दांडीच्या किनाऱ्याला लागायचं. दुपारी दमलेल्या हातांना वारा पाठीमागून मिळाला पाहिजे. निघालो तिथेच परत यायचं ठरवलं, तर नेमक्या थकव्याच्या वेळी वारा तोंडावर येईल.

मतलई वारा मात्र फसवा. किनाऱ्याच्या आडोशाला पाणी अगदी निवांत दिसतं आणि नवखा माणूस मजेत आत जातो. वारा त्याला हळूहळू बाहेर ढकलत असतो, पण परत फिरेपर्यंत ते त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून माझा एक सहकारी सगळा वेळ गटाच्या समुद्राकडच्या बाजूला असतो.

सकाळी 6.30

पाहुणे जमतात. आज दहा जण: सांगलीचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, कोल्हापूरचे एक गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी, पुण्याचं एक जोडपं आणि मुंबईचे चार मित्र. प्रत्येकाला मी तेच तीन प्रश्न विचारतो. पोहता येतं का? खांदा, कंबर किंवा हृदयाची काही तक्रार? नाश्ता झाला का? पोहता न येणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, कारण लाइफ जॅकेट त्याला तरंगत ठेवतं. पण तो कोणाच्या जोडीला बसणार, हे मी ठरवतो. नवरा-बायकोला एकाच कयाकमध्ये बसायचं असतं. दोघंही नवखी असतील तर मी त्यांची जोडी फोडतो.

मग खुणा. माझं वल्हं उभं म्हणजे माझ्याकडे या. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं म्हणजे आहात तिथे थांबा. एका बाजूला कललं म्हणजे त्या बाजूने चला. वल्हं मी नेहमी सुरक्षित बाजूकडे दाखवतो, धोक्याकडे कधीच नाही. समुद्रावर आवाज पोचत नाही, आणि घाबरलेला माणूस जिकडे बोट दाखवाल तिकडेच जातो.

"काका, मी पाण्यात पडले तर?" मुलगी विचारते. तिचे बाबा तिला गप्प करू पाहतात. मी त्यांना थांबवतो. प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर पाण्यातच देता येतं.

सकाळी 7.00

कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यांना एकदा मुद्दाम पाडतो. हा अर्धा तास मी कधीच वगळत नाही. कितीही घाई असली आणि कितीही अनुभवी माणूस असला, तरी नाही.

पडल्यावर पहिलं काम कयाकला हात लावून राहणं. वल्हं वाहून गेलं तर दुसरं देता येतं. कयाक वाऱ्याबरोबर पळाली तर ती पोहून गाठता येत नाही. मग आत चढायचं. लोक आधी पाय टाकायला जातात आणि कयाक पुन्हा उलटते. क्रम असा: पोट, बूड, पाय. दोन्ही हातांनी पलीकडची कड धरायची, पाण्यात पाय जोरात मारून पालथं वर सरकायचं, पोट कयाकवर आलं की अंग फिरवून बूड जागेवर टेकवायचं आणि पाय सगळ्यात शेवटी आत. जोडीदाराने तेवढा वेळ दुसऱ्या बाजूने कयाक दाबून धरायची.

मुलगी पहिल्याच खेपेला वर येते. मुंबईच्या मित्रांतल्या दणकट तरुणाला तीनदा प्रयत्न करावा लागतो, कारण तो सगळं हातांच्या ताकदीवर करू पाहतो. वल्हवण्याचंही तसंच असतं. दंडाने ओढाल तर अर्ध्या तासात दमाल. वल्हं पायाजवळ पाण्यात रोवायचं, कमरेतून वळायचं आणि कयाक वल्ह्यापुढे न्यायची. पाठ आणि पोट काम करतात, हात फक्त धरून ठेवतात.

सकाळी 7.30

निघालो. मी पुढे, एक सहकारी मागे, दुसरा बाहेरच्या अंगाला. वेग तासाला तीन-साडेतीन किलोमीटर, म्हणजे सावकाश चालण्याएवढा. गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग. हे सांगावं लागत नाही, कारण पुढे जाणाऱ्याला मी थांबवतो.

सूर्य मागे मालवणच्या झाडीवरून वर येतोय. समोर राजकोटाचं टोक आणि त्यावरचा शिवाजी महाराजांचा उंच पुतळा. तो मला दिशा धरायला उपयोगी पडतो. टोकाभोवती पाण्यात खडप पसरलंय. ओहोटी असल्यामुळे खडक उघडे आहेत, काळे, शिंपल्यांनी खरखरीत झालेले. जे दिसतात त्यांची भीती नसते. पाण्याखाली वीतभर असलेले घात करतात. ते ओळखायची खूण एकच: आजूबाजूला पाणी शांत असताना एकाच जागी लाट उगीच फुगते आणि बसते. मी थांबून सगळ्यांना ती जागा दाखवतो. दोन मिनिटांनी ती मुलगीच तशी दुसरी जागा हेरते. तिच्या डोळ्यांना समुद्र वाचता येऊ लागला.

मध्ये मासेमारीच्या जाळ्यांची बोयरी तरंगताहेत. त्यांना लांबून वळसा घालायचा, त्यांच्यामधून कयाक काढायची नाही. त्या जाळ्यावर एका घराचा दिवस चालतो.

सकाळी 8.00

धक्क्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्यांची वाट आता आडवी येते. इथे गट एकत्र आणतो, कयाकला कयाक लागेल इतका जवळ. विखुरलेल्या आठ कयाक होडीवाल्याला आठ अडथळे वाटतात, एकत्र असल्या तर एकच. होडी गेली की तिच्या मागची लाट येईपर्यंत थांबायचं, नाक त्या लाटेकडे करायचं आणि मग काटकोनात, न रेंगाळता पलीकडे जायचं. होडीवरचे खलाशी हात करतात. आम्हीही करतो. त्यांची ओळख असणं हीसुद्धा सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

सकाळी 8.30

पद्मगड. सिंधुदुर्ग आणि दांडीचा किनारा यांच्यामधलं हे छोटं बेट. ओहोटी पुरती उतरली आहे आणि किनाऱ्यापासून पद्मगडाकडे येणारी वाळूची पट्टी वर आली आहे. दोन-तीन माणसं तिच्यावरून चालत येताहेत. शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं इथे बांधली आणि दुरुस्त केली जात, असं मालवणात सांगतात. जागा पाहिली की ते पटतं: पश्चिमेच्या लाटा सिंधुदुर्ग अंगावर घेतो आणि त्याच्या आडोशाला इथलं पाणी निवांत राहतं.

इथे खाली उतरून केळी आणि चिक्की. पाणी पिणं सक्तीचं. सगळ्यांना एका खडकाशी नेतो, पण पाय वाळूवरच ठेवायला सांगतो. आम्ही मालवण सागरी अभयारण्यात आहोत. ते 1987 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग-पद्मगडाच्या आसपासचाच आहे. खडकांच्या बुडाशी प्रवाळ आहेत. दगडासारखे दिसतात, पण जिवंत असतात, आणि त्यांची वाढ फार संथ असते. एका पावलाने मोडलेलं परत यायला वर्षं लागतात. म्हणून हात लावायचा नाही, उचलायचं नाही, शिंपलासुद्धा खिशात घालायचा नाही.

मग पश्चिमेकडे बोट करून एवढंच सांगतो: "हे उघडे पडलेले खडक नीट लक्षात ठेवा. परतीच्या वाटेवर मी तुम्हाला यांच्याबद्दल विचारणार आहे."

सकाळी 9.00

पाणी फिरलं. भरती लागली. आता सिंधुदुर्ग.

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंचीवर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज तीन किलोमीटरच्या आसपास असतं. पाण्यापासून दहा मीटर उंच तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ते अकरा किलोमीटरपलीकडे दिसतं. म्हणजे खालून येणाऱ्याला किल्ला नीट कळण्याआधीच वरच्याने त्याची शिडं मोजलेली असायची. हे आकडे जमिनीवर सांगितले तर लोक मान डोलावतात. पाण्यात, मान वर करून तटाकडे बघताना सांगितले की गप्प होतात.

तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, आतलं क्षेत्र 48 एकरांच्या आसपास. चाळीसहून अधिक बुरूज, आणि तट सरळ रेषेत कुठेच फार वेळ जात नाही. तो आत वळतो, बाहेर येतो, बेटाच्या कडेचा खडक धरून चालतो. त्यामुळे कुठल्याही बुरुजाच्या पायथ्याशी गेलात तरी शेजारच्या बुरुजावरून तुम्ही दिसताच. मी गटाला विचारतो, "दरवाजा दाखवा." सगळे शोधू लागतात. सांगलीचे सर म्हणतात, "इथे नुसता तट आहे." आम्ही आणखी जवळ जातो. तरी तटच. अगदी समोर येऊन वळसा घेतो, तेव्हा दोन बुरुजांच्या मधल्या बोळात दरवाजा उघडतो. हीच ती गोमुखी रचना. बाहेरून तोफेचा गोळा थेट दरवाजावर येऊ शकत नाही, आणि आत शिरलेला शत्रू दोन बुरुजांच्या माऱ्यात सापडतो.

सर बराच वेळ वल्हं मांडीवर ठेवून पाहत राहतात. मग म्हणतात, "आम्ही वर्गात गोमुखी दरवाजा शिकवायचो. आकृती काढून. पण तो सापडत नाही, हे मुलांना कधी सांगितलंच नाही."

सकाळी 9.30

दरवाजाजवळच्या वाळूवर कयाक वर ओढून घेतो, आत्ताच्या पाण्यापासून बऱ्याच वर. आम्ही किल्ला पाहत असताना भरती चढत राहणार आहे. एक सहकारी कयाकपाशी थांबतो. गड पाहायला तिघंही गेलो असं कधी होत नाही.

किल्ल्यात मी सगळं दाखवायचा हट्ट धरत नाही. मोजक्या जागा, पण सावकाश. 25 नोव्हेंबर 1664 रोजी महाराजांच्या हस्ते या कामाचा मुहूर्त झाला आणि 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचं नाव जोडलेलं आहे. त्या वेळी या किनाऱ्यावर कोण कोण होतं, ते आठवलं की किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाची निवड उमगते. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डचांची वखार आणि उत्तरेला जंजिऱ्याला सिद्दी. जंजिरा हाती येत नव्हता. समुद्रावर आपलं बळकट ठाणं हवं होतं, आणि जागा अशी हवी होती की पाणी आणि खडक यांनीच निम्मी लढाई लढावी.

प्रवेशद्वाराजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे घुमटीत जपलेत. तिथून पुढे शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी ते 1695 मध्ये बांधलं. इथल्या मूर्तीला दाढी नाही. चित्रांतले महाराज मनात घेऊन आलेले लोक क्षणभर थबकतात. मुलीने पायातल्या चपला काढून ठेवल्यात आणि ती बाबांच्या आधी आत गेली आहे.

माझी आवडती जागा विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं. पुण्याचे पाहुणे विचारतात, हे कसं? मला समजलेलं कारण असं: कोकणात पाऊस मुबलक पडतो, तो जमिनीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. विहीर तेवढ्याच थरापर्यंत खणायची आणि उपसा बेताने करायचा. अधाशीपणे उपसलं की खालून खारं वर येतं. पाण्याचा हा साठा नसता, तर एवढा तट असूनही वेढा पडल्यावर किल्ला किती दिवस टिकला असता?

गडावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्यापैकी एका घरी आम्ही कोकम सरबत घेतो. ताई ग्लास देताना मुलीला विचारतात, "होडयेन इलंस?" मुलगी अभिमानाने सांगते, "नाही. वल्हं मारत आले."

सकाळी 11.00

निघायची वेळ. दहा मिनिटं आणखी थांबू या, असा आग्रह रोज होतो आणि तो मी रोज मोडतो. किल्ला उद्याही इथेच आहे, आजचा वारा थांबणार नाही.

तटाच्या कडेने उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथून लांबूनच पश्चिमेची बाजू दाखवतो. तिकडे उघडा अरबी समुद्र. लाट येते, तटाखालच्या खडकावर आपटते, परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडते. त्या जागी पाणी कुठल्याही दिशेने उसळतं. नवख्या हाताने तिथे तोल राखणं कठीण. मुंबईच्या मित्रांना पूर्ण प्रदक्षिणा करायची आहे. मी नाही म्हणतो आणि कारणही सांगतो. समुद्रावर नाही म्हणणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

परत वळताना थांबून विचारतो, "सकाळचे खडक कुठे आहेत?"

सगळे बघत राहतात. जिथे काळं खडप होतं, तिथे आता निळं, सपाट, निरुपद्रवी पाणी आहे. अडीच तासांत सगळं झाकलं गेलं. इथेच मी माझं सांगणं पुरं करतो. परक्या गलबताच्या कप्तानाला हे असंच दिसत असणार: समोर किल्ला, मध्ये मोकळं पाणी. तो सरळ आत आला की जहाजाचा तळ फुटला. आत यायची वाट फक्त इथल्या लोकांना ठाऊक होती. कुठल्या तिथीला, कुठल्या वेळी, कुठल्या दोन खडकांच्या मधून, हे इथले कोळी, गाबीत आणि भंडारी जाणत होते. बेटाची जागा इथल्या जाणत्या दर्यावर्दींनी दाखवली आणि महाराजांनी त्यांना इनामं दिली, असं परंपरा सांगते. माझ्या मते सिंधुदुर्गाची खरी तटबंदी हे लोक होते.

त्याचा पुरावा पुढच्या इतिहासातही आहे. 1765 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, पण 1812 च्या तहानंतर कायमचा गेला. तट तेव्हाही तोच होता. विहिरींना पाणी होतं, दरवाजा तसाच गोमुखी होता. समुद्रावरचं बळ मात्र पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. समुद्री किल्ला एकटा लढत नाही. त्याच्या मागे आरमार लागतं आणि आरमारामागे पाणी जाणणारी माणसं.

सकाळी 11.40

उत्तरेकडे पाण्याचा रंग बदललाय. गडद पट्टा सरकत येतोय. मामांनी सांगितलेला वारा. अजून पांढरा फेस नाही, पण अर्ध्या तासात दिसेल. ठिकठिकाणी फेस दिसू लागला की नवखा गट किनाऱ्यावर असलाच पाहिजे, हा माझा नियम आहे.

वल्हं उभं करतो. सगळे जवळ येतात. आता दांडीच्या दिशेने, न थांबता. वारा डावीकडून मागून येतोय आणि कयाक लाटेबरोबर थोडी वळू पाहते. मागच्या माणसाने त्याच बाजूला एक लांब वल्हं मारलं की ती सरळ येते. सरांच्या पत्नी थकल्या आहेत. हे त्या बोलल्या नाहीत, पण गप्प झाल्या आहेत. माझा सहकारी त्यांच्या कयाकला दोर लावतो आणि गप्पा मारत ओढू लागतो. त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं, पाणी प्यायलं. किनारा जवळ आल्यावर त्यांनी दोर सोडायला सांगितला आणि शेवटचं अंतर स्वतः वल्हवलं.

दुपारी 12.15

दांडी. एकेक कयाक लाटेच्या पाठीवरून वाळूला लावतो. उतरताना समुद्र आणि कयाक यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, हे शेवटचं बजावणं. लाटेने ढकललेली तीसेक किलोची कयाक गुडघा मोडू शकते. माणसं मोजतो. दहा आणि आम्ही तीन. मग रेडिओ बंद.

दुपारी 1.00

खाणावळीत जेवण. बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, उकडा भात, सोलकढी. सर दोन वाट्या सोलकढी पितात. कोल्हापूरच्या पाहुण्यांना तांबडा-पांढऱ्याची आठवण येते, पण ते भात पुन्हा मागतात. बोलणं खडकांचंच चाललंय. खिडकीतून समुद्र दिसतो. पाण्यावर आता सगळीकडे पांढरा फेस आहे.

दुपारी 2.30

पाहुणे विश्रांतीला गेले, आमचं काम सुरू. कयाक, वल्ही, जॅकेट, दोर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. मीठ बकलमध्ये साचलं की ती ऐन वेळी उघडत नाही. उन्हात वाळवलेलं जॅकेट दोन हंगामांत कुजतं. एका जॅकेटची शिवण उसवली आहे. ते बाजूला काढून त्यावर लाल फडकं बांधतो. दुरुस्त होईपर्यंत ते पाण्यात जाणार नाही.

दुपारी 4.30

ज्यांना यायचंय त्यांना घेऊन मोरयाचा धोंडा. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणेश, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा इथे झाली. इथून सिंधुदुर्ग पूर्ण दिसतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात हा आहे. मुलगी धोंड्यापाशी बसून वहीत सकाळची वाट काढते: राजकोट, पद्मगड, दरवाजा. आणि जिथे आता नुसतं पाणी दिसतंय, तिथे आठवून आठवून खडकांचे ठिपके देते.

सायंकाळी 6.30

नोंदवही लिहितो. वारा किती वाजता आला, कोण थकलं, कुठे जाळी होती, कुठलं जॅकेट बाद. उद्याच्या गटाला फोन करून निघायची वेळ थोडी पुढे सरकवतो आणि रात्री लवकर झोपायला सांगतो.

शेवटी वाचणाऱ्यांना एक विनंती. आपल्या घरात आरमाराचा अभिमान आहे. भिंतीवर गलबताचं चित्र आहे आणि मुलांच्या तोंडी सिंधुदुर्गाचं नाव आहे. त्याच्या जोडीला मुलांना पोहायला शिकवा. जवळ नदी, तलाव, खाडी असेल तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, लाइफ जॅकेट घालून, वल्हं त्यांच्या हातात द्या. भरती-ओहोटीचा हिशेब त्यांना पाढ्यांबरोबर पाठ होऊ द्या. आणि मालवणला याल तेव्हा समुद्रात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला वारा विचारा. तो नको म्हणाला तर त्या दिवशी जाऊ नका.